फुकट फ्रीज आणि काकूंची वाटी

चालता फ्रीज फुकट द्यायला काढला की लोक आपल्याकडे चोराकडे बघावं तसं बघतात, हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं.

१६५ लिटर, सिंगल डोअर, मरून. बारा वर्षांत एकदा दाराचं रबर बदललं, एकदा थर्मोस्टॅट, बास. नवीन आला म्हणून हा द्यायचा. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, "चालू आहे, फुकट आहे, फक्त घेऊन जा." अकरा अंगठे आले आणि एकीने विचारलं, "लास्ट किती?" फुकटचं लास्ट किती असतं, सांगा मला.

मग बी विंगमधले काका आले. येताना घरून स्टीलची वाटी घेऊन आले, वाटीवर काकूंचं नाव घातलेलं. म्हणाले, "चालतो म्हणतेस ना, मग बर्फ करून दाखव."

"अहो काका, दोन दिवस बंद होता, तीन-चार तास लागतील."

"मला कुठे जायचंय!"

आणि खरंच बसले. पाणी माझ्या फिल्टरचं, चहा माझा (दोनदा), पेपर माझा, शब्दकोडंसुद्धा पेनने सोडवलं. दर दहा मिनिटांनी उठायचे, दार उघडायचे, वाटीत बोट बुडवायचे आणि नाही म्हणून मान हलवायचे. असं सारखं दार उघडल्यावर हिमालयात पण बर्फ धरायचा नाही, पण सांगणार कोण. मधेच आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "खरं सांग, फुकट का देतेस? काही झालंय का ह्यात?" ह्यात काय होणार काका, बारा वर्षं कोथिंबीर सडलीय.

साडेचार तासांनी बर्फ झाला. काकांनी वाटी ओढली, निघेना. अशा फ्रीजरच्या तळावर बूड ओलं असलेलं भांडं ठेवलं की ते चिकटतंच. "उलथनं आण" म्हणाले तेव्हा मी किंचाळलेच, कारण तिथे टोचलं की गॅस गेला आणि फ्रीज खलास. शेवटी "उद्या फ्रीजबरोबरच नेतो" म्हणून गेले.

सकाळी फोन. "ही म्हणते मरून नको, आमच्या ओट्याला जात नाही. वाटी तेवढी काढून ठेव, हिच्या माहेरची आहे."

म्हटलं कंपनीलाच विचारू. ई-कचऱ्याचे नवे नियम २०२३ च्या १ एप्रिलपासून लागू झालेत (तारीख काय निवडलीय बघा), रिसायकलिंगची जबाबदारी उत्पादकांवर टाकलीय. हेल्पलाइनवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, बिघाड काय आहे?" म्हटलं काही नाही, चालतो. "मग कंप्लेंट रजिस्टर नाही होणार."

भंगारवाल्याने तर दारही उघडलं नाही. सरळ मागे जाऊन कॉम्प्रेसरवर टिचकी मारली. "चालू असो का बंद, ताई, भाव एकच." म्हणजे हा फोडणार, आतलं तांबं काढणार आणि गॅस हवेत. मागच्या स्टिकरवर आर-१३४ए लिहिलंय, वजनाला वजन धरलं तर कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट हवा तापवणारा. एवढं बारा वर्षं गार ठेवलं त्याने, आणि जाताना हे! नाही दिला. रागाने नाही दिला, दुसरं काय.

आता रात्रीचे अकरा. वाटीसाठी डीफ्रॉस्टचं बटण दाबलंय, हॉलभर पाणी, मी फडकं पिळतेय. काका दारात, चप्पल न काढता उभे. सुटलेली वाटी उलटी करून बुडाला चरा गेलाय का ते ट्यूबच्या उजेडात नीट बघितलं आणि जाता जाता म्हणाले, "बर्फ मात्र मस्त धरतो हो."