जुना मॅन्युअल फोकस कॅमेरा अजून पुरतो का? माझं मत

काय भो, हे जुनं सांभाळून काय करतो, एखादा मिररलेस (आतला आरसा नसलेला नवा डिजिटल कॅमेरा) घे आणि मोकळा हो, असं जळगावात भेटणारा निम्मा फोटोवाला मला म्हणतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. माझ्याकडे निकॉनचा एफएम 2 हा रोलचा कॅमेरा आहे, सोबत 28, 50 आणि 105 मिलिमीटरच्या अशा तीन लेन्स, तिन्ही हाताने फोकस करायच्या. हे मॉडेल 1982 चं. माझं म्हणणं एवढंच की बॉडीचे दिवस माझ्यापुरते सरत आलेत पण लेन्सचे अजिबात नाही, आणि लोक दोघांना एकाच तराजूत टाकतात.

बॉडीत खोट नाही हो. घड्याळवाल्याकडे मिळणारे दोन बारके सेल लागतात, तेही फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला, सेल गेले तरी शटर 1/4000 सेकंदापर्यंत मारतं. अडचण रोलची आहे. रोल महाग, रोजच्या भरवशाने धुवून देणारं जवळ कोणी उरलं नाही, मग कुरिअरने मुंबई-पुण्याला पाठवा, आणि एप्रिल-मेत आपल्याकडे पारा 44-45 ला टेकतो तेव्हा ते पार्सल कुठल्या तापलेल्या गोडाऊनमध्ये पडून राहील कोण जाणे, रंगीत रोलला अशी उष्णता बिलकूल चालत नाही. त्यात काठी गावची राजवाडी होळी घ्या. अक्कलकुव्याच्या डोंगरात रात्रभर नाच चालतो, होळी पेटते पहाटे, अंगावर ठिपके काढलेले, कमरेला घुंगरं बांधलेले बुध्या, म्हणजे होळीचे नाचणारे, सतत हलत असतात, तिथे 400 आयएसओचा (आयएसओ म्हणजे उजेड टिपायची ताकद) रोल टाकून काय पदरात पडणार? लेन्सचं अपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं तोंड, 1.8 वर उघडूनही शटर 1/30 सेकंदाच्या वर जात नाही, सगळे हललेले.

पण तीच 50 ची लेन्स अडॅप्टर लावून मिररलेसवर चढवली, आयएसओ 6400 केला, आणि व्ह्यूफाइंडरमधलं चित्र मोठं करून समोरच्याच्या डोळ्यावर फोकस धरला तर फोटो येतो, आणि चांगला येतो! हाताने फोकस जमत नाही म्हणणाऱ्यांनी बहुतेक ते साध्या डीएसएलआरवर (आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर) करून पाहिलेलं असतं, त्याच्या बघायच्या काचेवर एफएम 2 सारखी मधोमध दुभंगणारी, फोकस बसला की जुळणारी प्रतिमा नसते, मग अंदाजाने रिंग फिरवायची आणि दोष लेन्सला द्यायचा. 105 ची लेन्स 2.5 ला उघडून दोन मीटरवरच्या माणसाचा चेहरा घेतला तर शार्प पट्टा जेमतेम पाच सेंटीमीटरचा, डोळा धरला की कान गेला. हे हातानेच करण्यात मला समाधान आहे कारण कुठला डोळा ते मी ठरवतो.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात तर ऑटोफोकसची आठवणसुद्धा येत नाही. 28 वर अपर्चर 8, रिंग साडेतीन मीटरवर, म्हणजे पावणेदोन मीटरपासून पार तापीच्या पुलापर्यंत सगळं शार्प, मग गर्दीत शिरायचं आणि फक्त बघायचं आणि दाबायचं. घोडा पळवून दाखवतात तेव्हा तो जिथून जाणार त्या जागेवर आधीच फोकस लावून ठेवायचा. लेन्सवर ते आकडे नि रेषा त्यासाठीच कोरलेल्या असतात, नव्या बऱ्याच लेन्सवरून ते काढूनच टाकलंय, याचा मला खरंच राग येतो.

लग्नाच्या ऑर्डरीला मात्र मी हे नेत नाही आणि कोणी नेऊ पण नये. अक्षता पडतात तो क्षण परत येत नाही, लोकांनी पैसे मोजलेले असतात, तिथे ऑटोफोकसच पाहिजे.

आता कोणी भुसावळ-धुळ्याकडे अशी जुनी लेन्स घेत असेल तर बुरशीच्या आधी पाती बघा. आपल्या उन्हात आतलं ग्रीस पातळ होऊन अपर्चरच्या पात्यांवर येतं, पाती जड होतात, वेळेवर बंद होत नाहीत आणि आरशाच्या कॅमेऱ्यावर फोटो पांढरा पडतो. मागची दांडी बोटाने ढकलून सोडा, पाती चटकन मिटली पाहिजेत, रेंगाळली तर सर्व्हिसिंगचा खर्च धरूनच भाव करा. आणि ती निकॉन डीएसएलआरवर लावणार असाल तर मॉडेल विचारून घ्या, डी 7200 वर अशा लेन्सला मीटर चालतो, त्यानंतरच्या डी 7500 वर चालत नाही. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत बॅग ठेवून जेवायला जाऊ नका एवढं पाळलं तर ह्या लेन्स अजून खूप वर्षं काम देतील.