श्रेडर आहे हो, पण वापरणार कोण?

काल ऑफिसखालच्या गाडीवर भेळ घेतली. खाऊन झाल्यावर पुडी नीट पाहिली, तर कुणाच्या तरी आधार कार्डाची झेरॉक्स! 12 च्या 12 आकडे, फोटो, पत्ता, सगळं चिंचेच्या चटणीत भिजलेलं. कोपऱ्यात शिक्का आमच्याच ऑफिसचा.

आमच्याकडे श्रेडर, म्हणजे कागद कापून बारीक करणारं मशीन, नाही असं नाही. आहे ना! झेरॉक्स मशीनशेजारी, डोक्यावर मनी प्लांटची कुंडी घेऊन उभा आहे बिचारा. एकदा कुणीतरी पिना न काढता अख्खा गठ्ठा आत कोंबला, तेव्हापासून नुसता घरघरतो. त्यात तो उभ्या पट्ट्या कापणारा. कागद आडवा घातला की ओळच्या ओळ पट्टीवर शाबूत, पॅन नंबर खुशाल वाचून घ्या. बारीक तुकडे करणारा क्रॉसकट घ्या म्हणून 3 मेल टाकले. उत्तर एकच, ‘बजेट नाही.’ रद्दी किलोवर विकून समोसे आणायला मात्र सगळे पुढे!

‘दोनदा फाडून टाकलं ना, झालं की’ म्हणणारे महाभाग वेगळेच. अहो, चार तुकडे जोडायला पाचवीतलं पोरही पुरे. आणि नंबर झाकून शेवटचे 4 आकडे दाखवणारं आधार मिळतं, तेच मागा म्हटलं तर साहेब माझ्याकडेच संशयाने बघतात.

गेल्या महिन्यात डेटा सुरक्षिततेचं ट्रेनिंग झालं. आमच्या सह्या आणि मोबाइल नंबर असलेलं त्याचं हजेरीपत्रक आज रद्दीच्या पोत्यात सगळ्यात वर होतं.