मेर बेट, मालो आणि आपली यादी

धर्म बदलून ख्रिस्ती झालेल्या आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतून वगळावे, ही मागणी गेली काही वर्षे महाराष्ट्रातील मोर्चांतून, निवेदनांतून आणि आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवरही पुन्हा पुन्हा समोर येते. मागणी जुनीच आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस कार्तिक उराँव या काँग्रेसच्या आदिवासी खासदारांनी ती संसदेत लावून धरली होती. तिच्यामागचा युक्तिवाद वरवर सरळ दिसतो: देव सोडला की रूढी सुटतात आणि रूढी सुटल्या की माणूस आदिवासी राहत नाही. मी ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधील टाउन्सव्हिलला राहतो आणि हा युक्तिवाद मला येथे बसून पटत नाही, कारण या देशातला जमीनहक्काचा सर्वांत मोठा खटला जिंकणारे आदिवासी ख्रिस्तीच होते.

ते मेर बेटाचे मेरियम लोक. ऑस्ट्रेलिया आणि पापुआ न्यू गिनी यांच्यामधल्या टॉरेस सामुद्रधुनीच्या पूर्व टोकाला हे ज्वालामुखीतून वर आलेले बेट आहे. त्याची लांबी तीन किलोमीटरही नाही आणि वस्ती जेमतेम चारशे-साडेचारशे. १ जुलै १८७१ रोजी लंडन मिशनरी सोसायटीचे धर्मप्रसारक पॅसिफिकमधील लिफू बेटावरच्या शिक्षकांना घेऊन शेजारच्या एरब बेटावर उतरले. टॉरेसचे लोक हा दिवस आजही ‘प्रकाशाचे आगमन’ म्हणून दरवर्षी प्रार्थना, मिरवणूक आणि नाच करून साजरा करतात. मिशनच्या शिक्षकांची शिस्त कडक होती आणि जुन्या पवित्र वस्तू त्या काळात नष्ट झाल्या, हे माहीत असलेल्या माझ्यासारख्या माणसाला या सोहळ्याचे प्रथम नवलच वाटते. पण मोत्याच्या शिंपल्यांसाठी आलेल्या जहाजांनी त्या काळी बेटांवर जी दांडगाई चालवली होती, तिच्यापुढे मिशनचा काहीसा आडोसा होता, हेही तितकेच खरे आहे. आपल्या पूर्वजांनी फसून धर्म घेतला असे तिथे कुणी म्हणत नाही, आणि बाहेरच्याने ते त्यांना सांगावे हा मला अगोचरपणा वाटतो.

जुना देव मालो मात्र गेला नाही. १८९८ मध्ये केंब्रिजचे आल्फ्रेड हॅडन आपले संशोधक-पथक घेऊन मेरला आले, तेव्हा बेट ख्रिस्ती होऊन पाव शतक उलटले होते आणि मालोच्या पूजाविधीचे मूळ मुखवटे उरले नव्हते. बेटावरच्या लोकांनी पुठ्ठ्याचे मुखवटे तयार करून हॅडनच्या कॅमेऱ्यापुढे तो नाच नाचून दाखवला. मालोचा नियम तर त्याहून टिकाऊ ठरला. दुसऱ्याच्या वाडीत पाऊल टाकू नये, जे आपले नाही त्याला हात लावू नये, हा त्याचा गाभा, आणि कुटुंबांच्या वाड्यांच्या सीमा त्याच्याच आधाराने सांगितल्या जात.

मेरचे एडी कोइकी माबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाच्या जमिनीसाठी १९८२ मध्ये दाखल केलेल्या दाव्यात या नियमाचा पुरावा महत्त्वाचा ठरला. दाव्यातील एक वादी, डेव्ह पासी, अँग्लिकन धर्मगुरू होते. मालोने वाट तयार केली आणि ख्रिस्ताने ती पूर्ण केली, अशी त्यांची श्रद्धा. म्हणजे जुना करार कोणता आणि नवा कोणता, हे त्यांनी आपल्या बेटापुरते ठरवून टाकले होते! ३ जून १९९२ रोजी उच्चतम न्यायालयाने सहा विरुद्ध एक मतांनी मेरियम लोकांचा जमिनीवरचा हक्क मान्य केला. त्यांच्या चर्चमुळे तो हक्क बुडाला, असे न्यायालयाला वाटले नाही.

टाउन्सव्हिलमध्ये टॉरेसची पुष्कळ कुटुंबे आहेत. त्यांच्यातील एका सहकारी बाईंनी मला वडिलांच्या समाधीच्या शिळेच्या अनावरणाला बोलावले होते. दफनानंतर वर्षाने, कधी त्याहूनही उशिरा, शिळा बसवतात आणि ती रंगीत कापडांत गुंडाळून ठेवतात. ठरलेल्या नात्यातील माणसांनी एकेक कापड उतरवायचे, पाद्रीबुवांनी प्रार्थना म्हणायची, मग जमिनीतल्या भट्टीत शिजवलेल्या डुकराच्या मांसाचे जेवण आणि रात्री ढोलावर नाच. कापड कोणी आधी उतरवायचे, हे बायबलात लिहिलेले नाही. त्यावरून तिथे दोन चुलत्यांत थोडी कुरबूरही झाली.

ऑस्ट्रेलियाचे कौतुक मात्र इथेच थांबवावे लागेल. माबो निकालानंतर दहा वर्षांनी, २००२ मध्ये, ऑस्ट्रेलियातील योर्टा योर्टा या दुसऱ्या आदिवासी लोकांचा जमिनीचा दावा त्याच न्यायालयात फेटाळला गेला, कारण गोऱ्यांनी त्यांना देशोधडीला लावल्यावर त्यांच्या परंपरेत खंड पडला होता. ज्यांच्यावर अन्याय अधिक झाला, त्यांनाच पुरावा देणे अवघड गेले. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २००४च्या चंद्रमोहनन प्रकरणात धर्मांतराने जमातीचे सदस्यत्व आपोआप जात नाही असे सांगितले, पण रूढी सुटल्या आहेत का हा प्रश्न पुराव्यावर सोडला. तो पुरावा मागणारा अधिकारी कोण आणि तो काय पाहणार, ही भीती मला दोन्ही देशांत सारखीच वाटते.

मेरचा दाखला जसाच्या तसा नंदुरबारला लागू करता येणार नाही, हेही कबूल केले पाहिजे. तिथे सारे बेट एकत्र ख्रिस्ती झाले. आपल्याकडे एखाद्या पाड्यावर चार घरे प्रार्थनेला जातात, गावदेवाची वर्गणी देणे थांबवतात, आणि होळीला कोण येणार यावरून भावकी दुभंगते. ही तक्रार खोटी नाही. तिच्यावर राजकारण होते म्हणून ती उडवून लावणारे आमचे शहरी मित्र मला पटत नाहीत. पण भावकीतल्या भांडणावर जातीचा दाखला रद्द करणे हा उपाय नव्हे. दाखला गेला की शिष्यवृत्ती आणि नोकरीतील आरक्षण जाते, आणि आदिवासीची जमीन बिगरआदिवासीच्या हाती जाऊ नये म्हणून असलेले संरक्षणही धोक्यात येते. वर्गणी तर त्यानंतरही येणार नाहीच.

अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींसाठी केलेल्या १९९६च्या पेसा कायद्याने गावाच्या रूढी-परंपरा जपण्याचा आणि रूढीनुसार तंटे सोडवण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे. वर्गणीचा, होळीचा, स्मशानातल्या जागेचा वाद तिथे बसून मिटू शकतो. आपला कोण आणि परका कोण, हे डेव्ह पासींच्या बाबतीत मेरच्या लोकांना ठाऊक होते आणि कोर्टाने त्यांचे ऐकले. यादीतून वगळण्याच्या बाजूची आणि विरोधातली जी निवेदने माझ्या वाचनात आली, त्यांत राष्ट्रपती आहेत, संसद आहे, न्यायालय आहे. ग्रामसभेचा उल्लेख एकाही निवेदनात मला आढळला नाही.