सोयाबीन मातीमोल घालवलं, खताला मात्र हात जोडायचे

जो उठतोय तो सांगतोय, गडबड करू नका, सोयाबीन ठेवा, भाव वाढला की विका. अरे ठेवू कुठं? दोन खोल्यांचं घर, सोप्यात पोती रचली तर आईची खाट बाहेर काढायला लागती. आणि ठेवलं तर लागणीला खत कशानं आणू, ते सांगा की!

आमच्याकडं ऑक्टोबरात सोयाबीन मळून झालं की त्याच रानात सरी सोडून ऊस लावायचा, डीएपी-पोटॅश तवाच पाहिजे, लागणीचा डोस दोन महिन्यांनी टाकून काय उपेग? म्हणजे ज्या आठवड्यात सगळ्यांचं सोयाबीन बाजारात येऊन भाव आपटतोय त्याच आठवड्यात सगळ्यांना खत पाहिजे असतंय, आणि सोसायटीचं कर्ज, दिवाळी, मळणीवाल्याचे पैसे पण तवाच. थांबायचं कुणी? ज्याच्याकडं गोदाम हाय त्यानं!

2025 च्या हंगामात हमीभाव क्विंटलला 5328 होता. मला मिळाला 4050. 18 क्विंटल घातलं, 23 हजार जाग्यावर गेले, म्हणजे 1350 च्या भावानं 17 पोती डीएपी. चार दिवस ताडपत्रीवर वाळवलंवतं, ढग आले की बायको आन मी धावत जाऊन गोळा करायचो. तरी व्यापाऱ्यानं मशीन लावलं आणि 14.6 टक्के ओलावा, म्हणजे भाव कमी! तेच पोतं पुढच्या दुकानात नेलं तर 12.1. एकच माल, अर्ध्या तासात अडीच टक्के पाणी कुठं गेलं? विचारलं तर म्हणतोय, "पावणं, पटत नसेल तर न्या माघारी." टेम्पोचं भाडं दिऊन आणलेला माल माघारी नेतोय कोण, हे त्याला पक्कं ठाऊक. हमीभाव केंद्रावर 12 च्या वर ओलावा चालत नाही आणि परतीचा पाऊस काय आम्हाला विचारून पडतोय व्हय.

पणन मंडळाची तारण योजना हाय, माल गोदामात गहाण ठेवून कर्ज घ्यायचं, मालाच्या किमतीच्या 75 टक्के पैसे, 6 टक्के व्याज, सहा महिने मुदत. योजना चांगलीच हाय, पण जवळ गोदाम नसेल तर 18 क्विंटलसाठी भाडं-हमाली करून लांब कोण नेणार?

आणि भाव वाढला तरी टिकू देत्यात का? 2021 च्या ऑगस्टमध्ये काही बाजारांत 10 हजारांच्या वर गेलावता, तवा आमच्या घरात दाणा नव्हता, आणि आमचं पीक निघायच्या आधीच 12 लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी देऊन टाकली. 2025 च्या मे महिन्यात कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क 20 वरनं 10 टक्क्यांवर आणलं, तेही पेरणीच्या तोंडावर. शहरात तेल स्वस्त पाहिजे, मान्य, पण त्याचे पैसे दरवेळी आमच्याच खिशातनं का?

आता खताचं ऐका. दुकानात गेलो, खतविक्रीच्या पॉस मशीनवर अंगठा लावला, तर दुकानदार म्हणतोय नुसतं डीएपी मिळणार न्हाई, नॅनो खताची बाटली आणि सल्फरची पिशवी घ्यायला लागंल. असं एका मालाबरोबर दुसरा गळ्यात मारणं, म्हणजे लिंकिंग, बेकायदा हाय म्हटलं तर वरनंच तसा माल येतोय म्हणे, आणि मागं लायनीत दहा माणसं उभी, ती पण म्हणायला लागली, घे की लवकर, संपंल. घेतली. मागच्या हंगामातल्या दोन बाटल्या गोठ्यातल्या फळीवर अजून तशाच हायत, सील पण फोडलेलं न्हाई. आज तिसरी नेऊन ठेवली.