डोक्यावर आधी पाणी घेतलं म्हणून कोणी बाथरूममध्ये पडत नाही

परत आला तो फॉरवर्ड. लोक बाथरूममध्येच का कोसळतात, तर म्हणे आपण आधी डोक्यावर पाणी घेतो, रक्त गरम, पाणी गार, मग टेंपरेचर जुळवायला रक्त सुसाट डोक्याकडे धावतं, शीर फुटते आणि स्ट्रोक येऊन माणूस पडतो. उपाय काय, तर पायापासून सुरुवात करा. खाली "सर्व ज्येष्ठांना पाठवा" आणि चार नमस्कार. ज्येष्ठांनाच पाठवताय म्हणून हे लिहायला बसलो.

"रक्त डोक्याकडे धावतं": नाही धावत. मेंदूतल्या रक्तवाहिन्या गरजेप्रमाणे आकसतात, सैलावतात आणि रक्ताचा पुरवठा जवळपास सारखा ठेवतात, एका तांब्याने त्यात काही उलथापालथ होत नाही. एकदम गार पाण्याने बीपी थोडा वेळ चढतं हे खरं आहे, हार्टवाल्यांनी ते टाळावंच, पण ते पाणी पाठीवर ओतलं तरी चढेल.

"बाथरूममध्ये पडला म्हणजे स्ट्रोक": कधी असतोही, म्हणून तोंड वाकडं झालंय का, एक हात खाली पडतोय का, बोलणं अडखळतंय का हे बघायचं आणि तसं असेल तर एक मिनिट न घालवता १०८ला फोन. पण बहुतेक पडणं साधं असतं हो. गरम पाण्याने बीपी उतरतं आणि त्यात स्टुलावरून झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, रात्री लघवीला उठणाऱ्यांचं पण तेच, आणि वर प्रोस्टेटची टॅम्सुलोसिन, बीपीची गोळी, झोपेची गोळी असं सगळं चालू असेल तर विचारूच नका. डॉक्टरांना सांगून आधी बसून आणि मग उभं राहून बीपी मोजून घ्या, उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा जास्तने खाली आला तर गोळ्यांबद्दल बोलायला हवं. मनाने बंद मात्र करू नका.

"पायापासून घेतलं की सेफ": हे मला सगळ्यात डेंजर वाटतं, कारण सत्तरीचे काका साबणाच्या पाण्यात एका पायावर उभे राहून दुसरा पाय धुणार आणि तोल गेला की पकडणार काय, तर टॉवेल रॉड! तो टॉवेलसाठी असतो, दोन स्क्रूवर लटकलेला, माणसाचं वजन पडलं की रॉडसकट खाली. भिंतीत पक्का ठोकलेला ग्रॅब बार कमोडजवळ एक आणि नळाजवळ एक, अंघोळीला रबरी बुचांचं स्टूल, दाराबाहेरचं ते सरकणारं पायपुसणं काढून टाकायचं, रात्री पॅसेजमध्ये दिवा. दिवाळीत तेल लावून अंघोळ झाली की फरशी घासल्याशिवाय पुढच्याला आत सोडू नका. आणि कडी! आतून लावूच नका म्हणावं, कारण दार आत उघडणारं असेल आणि माणूस दाराला टेकून पडला असेल तर कडी नसली तरी उघडताना घाम फुटतो, कडी असली तर संपलंच.

फॉरवर्डखाली एकाने ज्ञान पाजळलंय की वय झालं की पडायचंच, त्यापेक्षा जास्त हिंडूफिरू नये. काका, बसून राहिलं की मांड्यांची ताकद जाते आणि मग जास्तच पडता. कॉक्रेन म्हणजे औषधोपचारांवरचे अभ्यास गोळा करून तपासणारी संस्था, तिच्या २०१९ च्या रिव्ह्यूत घरी राहणाऱ्या साठीपुढच्या लोकांवरचे शंभरहून जास्त प्रयोग एकत्र तपासले, व्यायामाने पडण्याचं प्रमाण साधारण २३ टक्क्यांनी कमी झालं, आणि त्यातही तोलाचे व्यायाम कामाचे ठरले. म्हणजे ओटा धरून टाचा उचलणं, हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, एका पावलापुढे दुसरं लावून चालणं, शेजारी कोणीतरी उभं हवं. नुसता बागेतला फेरफटका चांगलाच, पण तोलासाठी तेवढा पुरत नाही.

आणि एक, रक्त पातळ करायची गोळी चालू असताना डोकं आपटलं तर "काही झालं नाही, बरा आहे मी" हे ऐकायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटलात दाखवायचं.