नव्या रूपामुळे कंप्युटर बाद होत नाही

गेले काही दिवस आमच्या सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: 'विंडोज १० कायमची बंद झाली. विंडोज ११चं काचेसारखं नवं डिझाईन जुन्या कंप्युटरला झेपत नाही, तो विकून नवा घ्या. नव्यात मराठी फॉन्ट उडतात, बटणं सापडत नाहीत. आणि एवढं करून आत नुसती रंगरंगोटीच आहे.'

नवी पेठेत मी लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं कंप्युटरवर छपाईसाठी जुळवण्याचं काम करते. टॉवेलच्या कारखान्यात जकार्ड मागावर असणारे एक मामा परवा मोबाईल पुढे धरून विचारत होते, "ताई, पोरीचा कंप्युटर भंगारवाल्याला किती रुपयांना देऊ?" कंप्युटर अगदी व्यवस्थित चालू आहे. म्हणून एकेक मुद्दा घेते.

विंडोज १० 'बंद झाली', हे चूक. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टनं तिला सुरक्षेचे मोफत अपडेट देणं थांबवलं. मशीन दुसऱ्या दिवशीही सुरू झालं, आजही होतं. धोका आहे तो पुढचा, कारण यानंतर सापडणारी भगदाडं बुजवली जाणार नाहीत. त्यासाठीही घरगुती मशीनना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात. मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की त्याचे पैसेही पडत नाहीत. दुकान-कारखान्यांसाठी वेगळी, पैसे भरून घ्यायची योजना आहे.

'डिझाईन झेपत नाही' हा मात्र सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. गोल कोपरे, मधोमध आलेलं स्टार्ट बटण, मागचा रंग झिरपल्यासारख्या दिसणाऱ्या खिडक्या, हे सगळं पडद्यावर रेखाटायला फार ताकद लागत नाही. खिडक्यांच्या त्या रंगछटेचं नाव मायका. ती डेस्कटॉपच्या चित्रावरून एकदाच रंग उचलते, सारखा हिशोब करत बसत नाही. तरीही जड वाटलं तर सेटिंग्जमधल्या कलर्समध्ये जाऊन ट्रान्सपरन्सी इफेक्ट्स बंद करता येतात.

मशीन अडतं ते दुसरीकडेच. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, सिक्युअर बूटची, म्हणजे मशीन सुरू होताना फक्त खात्रीचीच प्रणाली चालू देण्याची, सोय लागते आणि प्रोसेसर, म्हणजे कंप्युटरची मुख्य चिप, मायक्रोसॉफ्टच्या यादीत असावा लागतो. इंटेल कंपनीच्या प्रोसेसरांमध्ये ती यादी, थोडे अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून सुरू होते. आता गंमत नाही, खरंच बघण्यासारखी गोष्ट आहे: सातव्या आणि आठव्या पिढीच्या कितीतरी प्रोसेसरांमधला चित्र काढणारा भाग जवळजवळ सारखाच आहे. एक यादीत, एक बाहेर. डिझाईन झेपण्याचा प्रश्न असता तर दोन्ही आत असते नाहीतर दोन्ही बाहेर.

मामांना मी विचारलं, "चादरीवरचा मोर काढून फुलं घ्यायची झाली तर माग बदलता का?" ते म्हणाले, "माग कशाला? भोकाचे पुठ्ठे बदलायचे, बास." मग म्हटलं, तुमच्या कंप्युटरचंही तसंच आहे, नडतंय ते नक्षीमुळे नाही.

आणखी एक. आठव्या पिढीचं असेंबल केलेलं मशीनही कधीकधी 'चालणार नाही' असं सांगतं, कारण टीपीएम बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, बंद असतं. इंटेलच्या बोर्डावर ते पीटीटी नावानं सापडतं, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम नावानं. एवढं एक बटण चालू न केल्यामुळे कुणी नवं मशीन घेत असेल तर मला त्याचं फार वाईट वाटतं.

मराठी फॉन्टचं दुखणं मी स्वतः भोगलंय. ऐन लग्नसराईत मशीन फॉरमॅट करून आलं. जुनी पत्रिका उघडली, तर वर जिथे 'श्री सिद्धेश्वर प्रसन्न' असायचं तिथे इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम. हे झालं तेव्हा मी विंडोज ७वरून १०वर जात होते, ११चा पत्ताही नव्हता. छपाईच्या कामाचे जुने डीटीपी फॉन्ट मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवतात. फॉन्ट गेला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. फॉरमॅटआधी फॉन्टचं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं असतं तर रात्र जागावी लागली नसती.

युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असलेल्या पद्धतीत, टाइप केलेला मजकूर उडत नाही, चेहरा मात्र बदलू शकतो. मंगल हा फॉन्ट विंडोज १०पासूनच मूळ संचात नाही. मराठी किंवा हिंदी भाषा जोडली की तो येतो, नाहीतर त्याच्या जागी निर्मला हा दुसरा फॉन्ट दिसतो, ओळी पुढे-मागे सरकतात आणि लोक म्हणतात फॉन्ट उडाला. एक गोष्ट मात्र मेसेजवाल्यांच्या बाजूनं मान्य करते: विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते. म्हणून जुन्या ३२ बिट प्रकारच्या विंडोजवर कसेबसे चालणारे डॉसच्या, म्हणजे विंडोजच्याही आधीच्या काळातले हिशोबाचे प्रोग्राम तिच्यावर थेट चालत नाहीत. ज्यांची खतावणी अजून त्यात आहे, त्यांनी आधी ती बाहेर काढावी.

बटणांबद्दल. स्टार्ट पुन्हा डावीकडे नेता येतं: टास्कबार सेटिंग्ज, त्यात अलाइनमेंट, लेफ्ट. राइट क्लिकचा जुना लांब मेनू शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं की येतो. हाताला सवय असते आणि ती मोडताना त्रास होतो, हे खरं आहे. २०१२ला विंडोज ८नं स्टार्ट बटणच काढलं, तेव्हा इतकी ओरड झाली की २०१३ला ८.१मध्ये ते परत आलं. ११नंही २०२१ला टास्कबारवरची खिडक्यांची नावं काढली होती. तीही २०२३मध्ये परत आली.

राहिली रंगरंगोटी. आतला आवृत्ती क्रमांक अजून १०.० असाच सुरू होतो, त्यामुळे पाया तोच आहे हे कबूल. पण वर सांगितलेली टीपीएमची आणि सिक्युअर बूटची सक्ती रंगात मोडत नाही.

मामांच्या मुलीचा कंप्युटर सातव्या पिढीचा निघाला, रॅम आठ जीबी. हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे तिच्याहून वेगवान साठवणीची डिस्क, घातली, वाढीव अपडेट चालू करून दिले. ती आता त्याच्यावर कॉलेजचा प्रोजेक्ट टाइप करतेय, विंडोज १०वरच.