‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ : तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

तुमचा दोन ताऱ्यांचा अभिप्राय मी तीनदा वाचला. आठ मित्रांसाठी तुम्ही फेब्रुवारीत आमचं घर सहा रात्रींसाठी घेतलंत आणि सात जण आलात. तुम्ही लिहिलंय की डोंगरावरच्या हॉटेलांपेक्षा स्वस्त म्हणून हे घर निवडलं, पण लिफ्ट पास (डोंगरावर नेणाऱ्या पाळण्यांचं तिकीट), भाड्याचं सामान, डोंगरावरचं जेवण आणि न आलेल्या मित्राचा वाटा धरून शेवटी हिशेब केला तेव्हा चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला झाला. आणि यातलं काहीच आम्ही आधी सांगितलं नाही.

ही शेवटची ओळ खरी आहे आणि ती मला लागली. मनापासून माफी मागते. घराचं भाडं सांगितलं, किल्ली कुठे मिळेल ते सांगितलं, की आपलं काम झालं असं मी धरून चालले होते. स्कीइंगच्या सहलीत राहण्याचा खर्च हा एक तुकडा असतो. बाकीचे तुकडे पहिल्यांदा येणाऱ्याला दिसत नाहीत. मला रोज दिसतात. मी बोलायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी जादा पांघरुणं घेऊन वर आले तेव्हा टेबलावर सात पास पडलेले होते, सगळे सारखे, सगळे पूर्ण डोंगराचे. तुमच्यातले तिघं आयुष्यात पहिल्यांदा स्कीवर उभे राहिले होते आणि दोन्ही दिवस पायथ्याच्या नवशिक्यांच्या उतारावरच होते. तिथला उभ्या उभ्या वर नेणारा सरकता पट्टा आमच्या डोंगरावर फुकट आहे. त्या तिघांना निदान पहिले दोन दिवस पासच लागत नव्हता. ते पास बघून माझ्या पोटात कालवलं, पण तेव्हा बोलून काय उपयोग, म्हणून गप्प बसले. पुष्कळ ठिकाणी नवशिक्यांचा पट्टा फुकट असतो किंवा तेवढ्यापुरता छोटा पास मिळतो. मित्रांच्या गटात सगळ्यांनी एकसारखंच घ्यायचं ही सवय असते आणि सगळ्यात जास्त पैसा तिथे जातो.

तुम्ही पास खिडकीवर घेतलेत, तेही सकाळी रांगेत उभं राहून. पासचे दर आता बऱ्याच ठिकाणी विमानाच्या तिकिटासारखे हलतात. आधी ऑनलाइन घेतला तर स्वस्त, त्या दिवशी खिडकीवर घेतला तर सर्वांत महाग. उत्तर अमेरिकेत तर हा फरक फारच मोठा असतो. तिथे २००८ मध्ये एपिक पास आला आणि २०१८ मध्ये आयकॉन पास, दोन्ही अनेक डोंगरांवर चालणारे सीझन पास, तेव्हापासून तिकडचा सगळा व्यवहार बर्फ पडायच्या आधी पैसे भरणाऱ्याच्या बाजूने झुकलाय. वर्षातून एकदाच जाणाऱ्याला सीझन पास आपल्यासाठी नाही असं वाटतं, पण एपिकचा एक ते सात दिवसांचा पासही असतो. तोही फार तर सीझनच्या सुरुवातीपर्यंतच मिळतो, नंतर विक्री बंद होते. पुढे कधी तिकडे जायचं ठरलं तर हे लक्षात असू द्या.

तारखांचं म्हणाल तर फेब्रुवारी हा आमचा सर्वांत महाग महिना, कारण तेव्हा शाळांना सुट्ट्या असतात. फ्रान्समध्ये तर गर्दी विभागली जावी म्हणून देशाचे तीन भाग करून या सुट्ट्या वेगवेगळ्या आठवड्यांत देतात, तरी महिनाभर डोंगर भरलेलाच. तुमच्याबरोबर शाळेतली मुलं नव्हती. नवीन वर्षाची गर्दी ओसरल्यावर जानेवारीत आला असतात तर हेच घर मी बऱ्याच कमी भाड्यात दिलं असतं आणि लिफ्टच्या रांगेवरून तुम्ही जी तक्रार केलीय तीही राहिली नसती. थंडी मात्र कडाक्याची असते. मार्चअखेर किंवा एप्रिलही स्वस्त, फक्त तेव्हा उंचावरचं ठिकाण बघायचं. दर हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं, त्यामुळे फ्रान्समधल्या वाल तोरांससारख्या २३०० मीटरवरच्या गावात बर्फ टिकतो. खालच्या गावांत दुपारी नुसता चिखल होतो.

आता ज्या बाबतीत मी तुमच्याशी सहमत नाही ते. तळघरातलं आमचं भाड्याचं सामान ‘लुबाडणारं’ आहे असं तुम्ही लिहिलंय आणि भावाचे जुने बूट आणणाऱ्या मित्राला मी नवे भाड्याने घ्यायला लावले हेही. तो मित्र पहिल्या दुपारी लंगडत आला होता, नडग्या लालभडक झालेल्या. मी बुटाचं आतलं अस्तर काढलं आणि त्याला नुसत्या कवचात पाय ठेवायला सांगितला. बोटं पुढे टेकली की टाचेमागे एक, फार तर दोन बोटं जागा राहायला हवी. माझी चार बोटं आरामात आत गेली. असा बूट घातला तर पाय आत हलतो आणि स्की वळत नाही. शिवाय पडताना स्की पायातून सुटावी यासाठी बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि माणसाला किती येतं हे बघून लावतात. बूट बदलला की ते पुन्हा लावावं लागतं. यात काटकसर नको, असं मी पुन्हाही सांगेन. जाकीट, पँट, हातमोजे, गॉगल मात्र खुशाल मागून आणा, कोणाचेही चालतात. आत सुती कपडा नको, तो घामाने ओला होतो आणि ओलाच राहतो.

पण या सामानाचा आमचा आगाऊ बुकिंगचा दर कमी आहे आणि तुम्हाला तो कळवला गेला नाही, ही चूक आमची. त्या दरातला फरक सातही जणांना परत करतेय.

शिकवणीवरही तुमचे पैसे जास्त गेले. तिघांनी तीन वेगवेगळ्या वेळी एकेक तास घेतला. खासगी इन्स्ट्रक्टर बहुतेक ठिकाणी तासाचे पैसे घेतो, माणशी नाही. तिघं एकत्र उभे राहिले असते तर त्याच पैशांत तिप्पट शिकले असते. जेवणाबद्दल फार लिहीत नाही. वरच्या हॉटेलात सगळंच महाग असतं, म्हणूनच घरात स्वयंपाकघर आणि मोठे थर्मास ठेवलेत. विम्यात स्कीइंग धरलंय का हे मात्र निघण्यापूर्वी पाहत जा. फ्रान्समध्ये उतारावरून खाली आणण्याचेही पैसे जखमी माणसाकडूनच घेतात.

राहिला आठव्या मित्राचा वाटा. तो मी परत करू शकत नाही. घर आख्खं दिलेलं असतं, खाटेवर नाही, आणि त्याने आदल्या आठवड्यात नाही म्हटलं तेव्हा दुसरं कोणी मिळणं शक्य नव्हतं. त्याच्या चादरी-टॉवेलचे पैसे मात्र घ्यायला नको होते, तेही परत करतेय. एक सुचवते, राग मानू नका. रोजच्या चहापाण्याला टीटीएमएम चालतं, घराला चालत नाही. बुकिंगआधीच सगळ्यांकडून वर्गणी घ्या आणि गळणाऱ्याने बदली माणूस आणायचा हे तेव्हाच ठरवून टाका. नाहीतर उरलेल्यांच्या अंगावर येतं आणि मैत्रीतही कुरबूर होते. तुमच्यात ती झाली हे मला स्वयंपाकघरातून ऐकू येत होतं आणि वाईट वाटत होतं.

तुमच्या अभिप्रायानंतर आम्ही बुकिंग झाल्याच्या दिवशीच प्रत्येक गटाला फोन करायला लागलोय. नवशिके किती, पास आधी घेतला का, बूट कोणाचे, विमा आहे का, एवढं विचारतो आणि आगाऊ दर तिथेच सांगतो.

परताव्याची रक्कम ज्या खात्यातून बुकिंग झालं त्यातच जमा होईल. आणि तुमच्या मित्राच्या भावाचे बूट तळघरात सुकवायच्या जाळीवर राहिलेत. चांगले आहेत, ज्याचे आहेत त्याला नीट बसत असतील. कुठे पाठवायचे ते कळवा, पाठवणीचा खर्च आमचा.